कोरं कापड

प्रवासाला निघताना मी कोरी साडी कधीच नेत नाही. नवी साडी असेल तर तिची घडी आधी घरी मोडायची, सुती असेल तर पाण्यातून काढून रंग जातो की राहतो ते बघायचं, फॉल लावायचा, इस्त्री करायची, आणि मगच ती बॅगेत जाते. परगावी गेल्यावर साडीचा रंग परकरावर उतरला आणि चारचौघांत लाज गेली, असं माझ्या बाबतीत झालेलं नाही. मी शाळेच्या कचेरीत काम करते. दर वर्षी सहलीला मुलींच्या सामानाची व्यवस्था माझ्याकडे असते, त्यामुळे काय न्यावं आणि कसं भरावं याबद्दल माझी मतं पक्की आहेत. गोव्याला जाऊन आल्यावरही त्यातली बहुतेक पक्कीच राहिली.

आम्ही गेलो ते समुद्र बघायला नव्हे. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा, नंदाचा, साखरपुडा होता. ताई गेली तेव्हा नंदा शाळेतही जात नव्हती. तेव्हापासून ती आमच्याच घरी वाढली, आता कोल्हापुरात एका दवाखान्यात नर्स आहे. कोणी चुकून मला तिची आई म्हणालं तर मी लगेच दुरुस्त करते: आई नव्हे, मावशी. ताईची जागा ताईची.

कोल्हापूर

मुलगा सुरेश डिचोलीत सरकारी कचेरीत आहे. घर त्याच तालुक्यात, लाटंबार्शाला. त्याचे वडील आप्पा निवृत्त मराठी शिक्षक. मुलगी बघायला आले तेव्हा असं स्वच्छ, छापील मराठी बोलले की नंदाचे वडील, म्हणजे आमचे गडहिंग्लजचे दाजी, 'व्हय-न्हाय' म्हणायचंसुद्धा विसरले. निघताना आप्पा उंबऱ्यात थांबून म्हणाले, "देण्याघेण्याचं काही मनात आणू नका. साखरपुडा आमच्या देवीसमोर करू. येताना देवीसाठी एक चांगलंसं कापड आणावं, मुलीच्या हातानं अर्पण करू. एवढीच विनंती."

देवीसाठी कापड म्हणजे खण, यात शंका घ्यायला मला जागाच दिसली नाही. आमच्याकडे देवीची ओटी खणानारळानं भरतात. नेहमीच्या दुकानातून गुळेदगुड्डचा डाळिंबी खण आणला, दोन्ही काठ बघून, एकही धागा ओढला गेलेला नाही याची खात्री करून. ओटीचा म्हणून तेवढा कोरा ठेवला.

बाकीची बांधाबांध माझ्या पद्धतीनं झाली. सुती साड्या गुंडाळ्या करून, रेशमी साडी जरीची बाजू आत घेऊन मलमलीत. घड्यांमध्ये कागद, म्हणजे घडीची रेघ खोल जात नाही. प्रवासाला न्यायच्या सुती साडीला खळ देऊ नये, घडीवर ती तडकते. डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही. ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी, वाळत घालायला नाड्याची दोरी, आणि सगळ्या बॅगेवर जुन्या चादरीची शिवलेली खोळ. या खोळीला घरात सगळे हसतात.

नंदाची बॅग मी शेवटी तपासली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळी बांधलेला एक गठ्ठा होता.

"हे काय?"

"असू दे मावशी."

"कपडा दिसतोय. इस्त्री करून तरी भर की. बोळा होईल त्याचा."

"होऊ दे बोळा."

"सासरी बॅग उघडल्यावर काय म्हणतील?"

"म्हणतील, मावशीनं पोरीला काही शिकवलं नाही."

आणि तिनं गठ्ठ्यावर दोन साड्या कशाही कोंबल्या. दाजी दारात उभे राहून हसत होते. मी तिला जे बोलायचं ते बोलले आणि बॅग बंद केली. त्या बॅगेची चेन बंद करायला गुडघा लावावा लागला.

डिचोली

सावंतवाडी, म्हापसा असं करत आम्ही डिचोलीला उतरलो. एसटीत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. डिचोलीत मात्र उतरल्याबरोबर घडलं. मी पांढऱ्या जमिनीची, बारीक निळ्या फुलांची व्हॉइल नेसले होते. प्रवासात फिकं बरं, ऊन कमी लागतं, हा माझा हिशोब. स्टँडपासून रस्त्यावर येईपर्यंत लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक गेले आणि माझी साडी गुडघ्याखाली विटकरी झाली. झाडांची पानं लाल, दुकानांच्या पाट्या लाल, उभ्या स्कूटरची सीट लाल.

सुरेश घ्यायला आला होता. आधी बघतच राहिला, मग जपून म्हणाला, "मावशी, डिचोलीत पांढरं कोण नेसत नाही हो."

"मावशीच्या नियमात ही धूळ बसत नव्हती," नंदा म्हणाली. लग्न ठरलेल्या मुलीनं असं खदाखदा हसू नये.

मी पदर ओला करून पुसायला निघाले, तेवढ्यात सुरेशनं थांबवलं. ओला हात लावला की ती धूळ धाग्यात शिरते. कोरडीच राहू द्यायची, घरी जाऊन झटकायची, मग भरपूर पाण्यात सोडायची. तसं केलं आणि साडी वाचली. शिवाय खोळीच्या आतली माझी बॅग जशी निघाली तशी पोचली. नंदाची बॅग नव्या विटेसारखी दिसत होती. मी नुसतं बोट दाखवलं.

लाटंबार्से

डिचोली मागे पडली की धूळ संपते आणि डोंगर हिरवे होतात. काजूचा हंगाम होता. घराच्या अलीकडेच पिकल्या बोंडांचा वास आला, गोड आणि किंचित आंबूस, आणि मग दोन दिवस तो नाकातून गेला नाही. भाताची कापणी झालेल्या मळ्यात आता चवळी होती. घर कौलारू, नीटनेटकं, पुढे ओटा, ओट्यावर लाकडी खुर्च्या. खुर्चीला तिथे 'कदेल' म्हणतात, खिडकीला 'जनेल', आणि सुरेशची आई, माई, हातपाय धुवायला पाणी देऊन म्हणाली, "तुवालो हांगा आसा." टॉवेल, हे मला कळलं. म्हटलं, हे काही अवघड नाही.

हे पोर्तुगीजांचे शब्द, असं आप्पांनी सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे बरं असलं काही नाही. "प्रवासाला इस्त्री आणलीत का?" त्यांनी विचारलं. नाही आणली म्हटल्यावर म्हणाले, "शब्द मात्र आणलात. इस्त्री त्यांचीच, असं म्हणतात." माणूस शिक्षक खरा.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून अजून फार काळ लोटलेला नाही. कोकणी राजभाषा झाली होती, आणि मराठीचं काय, हा प्रश्न या घरात रोज ताटावर वाढला जात होता. आप्पा मराठीच्या बाजूचे, त्यांचा धाकटा भाऊ बाबलो कोकणीच्या. चळवळीत दोघं दोन मोर्च्यांत गेले आणि संध्याकाळी एकाच चुलीवरचं जेवले, असं माईनं सांगितलं. बाबलोकाका जाडजूड, पानानं तोंड रंगलेला, सतत कोणाच्या तरी खोडीत. जेवताना आप्पा म्हणाले, "आमच्या पेडण्या-डिचोलीत पिढ्यान्‌पिढ्या मराठी. पोथी मराठी, भजन मराठी, पत्रव्यवहार मराठी."

"आनी भूक लागल्यार?" बाबलोकाका म्हणाला. "तेन्ना 'जेवूंक वाड गो' म्हणटा हो."

माई खाली मान घालून हसत वाढत राहिली. काजूच्या ओल्या गरांची उसळ होती, सोलकढी होती आणि सकाळचे उंडे, म्हणजे वरून कडक, आतून मऊ असे गोल पाव. आमच्याकडे उसळीला कांदालसणाची चटणी जितकी लागते, तितका इथे नारळ लागतो. दाजींनी हळूच माझ्याकडे बघितलं. त्यांना तिखट हवं होतं. मी नाही म्हणून मान हलवली.

दुपारी नंदा काजूच्या बागेत जाऊन आली ती पदरावर बोंडाचा रस सांडून. मी साबण लावला, लिंबू लावलं, ताक लावलं. माई शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, "सोडा आता. बोंडवाचो डाग साडयेबरोबरच वता." साडी जाईल तेव्हाच तो डाग जाईल, म्हणून बागेत जायचे कपडे तिथे वेगळे असतात, त्यांना सगळ्यांनाच डाग असतात, आणि त्याची कोणाला लाज नसते. माईच्या तोंडी तिथे 'साडी' आली होती. ती माझ्यासाठी आली होती, हे मला नंतर उमगलं.

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या तयारीसाठी मी इस्त्री मागितली. माईनं करवंट्यांचे निखारे इस्त्रीत भरले, फुंकर घातली आणि म्हणाली, "देवीचें कापड दाखयात, पळोवया. ताका इस्त्री लावची न्हय हां. कोरें जाय." जाय म्हणजे हवं.

मी मलमलीतून खण काढून दिला. तिनं काठावरून बोट फिरवलं. "सुंदर आसा हो." मग माझ्या हाताकडे बघितलं, मग बॅगेकडे. "आनी कापड?"

"हेच की."

"हो खण न्हय? कापड खंय?"

सुरेश ओट्यावरून आत आला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काहीतरी मोठं राहिलंय. "मावशी," तो म्हणाला, "आमच्याकडे कापड म्हणजे साडी."

खण ओटीत घालायचाच असतो, तो त्यांनीही आणून ठेवला होता. मुलीकडून हवं होतं ते देवीला नेसवायचं कापड. सकाळी मुलीनं ते द्यायचं, पुजाऱ्यानं नेसवायचं, त्या रूपासमोर साखरपुडा व्हायचा, आणि मग तेच कापड प्रसाद म्हणून नव्या सुनेला मिळायचं. थोरल्या काकूपासून सगळ्या सुनांचं असंच झालं होतं. पुजाऱ्याला निरोप गेलेला. सगळी भावकी येणार होती. मुलीकडून देवीला कापड आलं नाही, ही गोष्ट या घरात नंदाच्या आधी पोचली असती आणि तिच्याबरोबर राहिली असती.

बाबलोकाकाला राहवलं नाही. "दादा, तुजें मराठी कोल्हापुरा पावलें, पूण कापड वाटेर उरलें!"

कोणीच हसलं नाही. आप्पा उठून ओट्यावर जाऊन बसले.

मी कामाला लागले. माझ्याकडे नवी इरकल होती, स्वतःसाठी घेतलेली. ती काढली. माईनं आतून काठ उलटून बघितला. "फॉल लायला. धुतलां?"

"धुऊन, फॉल लावून, इस्त्री करून," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हे सांगताना जीभ जड झाली.

"मग चलचें ना."

डिचोलीचा बाजार बंद झाला होता आणि देवळात सकाळी लवकर पोचायचं होतं. माई म्हणाली, तिच्या पेटीत एक कोरं आहे, तेच नंदाच्या हातून देऊ, कोणाला कळणार नाही. बाहेरून आप्पांचा आवाज आला, "मुलीकडचं म्हणून देवीपुढे घरचंच ठेवायचं? नको."

मी ओट्यावर गेले. ते कदेलीत बसून समोरच्या फणसाकडे बघत होते.

"आप्पा, शब्द तुमचा चुकला नाही. मी विचारलं नाही."

"मी मराठीच बोलत होतो, असं मला वाटत होतं," ते म्हणाले. "शाळेत मुलांना साडी लिहायला शिकवलं. तोंडात मात्र कापडच राहिलं, आणि ते मला ऐकूही आलं नाही."

"माझी आजी कधी साडी म्हणाली नाही. लुगडंच म्हणायची. आई पातळ म्हणायची. मी साडी म्हणते. तिघी मराठीच बोलत होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पातळ. आमच्या पाठ्यपुस्तकात होतं. 'आईने नवे पातळ नेसले.' वर्गातल्या पोरांना वाटायचं आमटी."

आम्ही दोघंही हसलो, पण त्यानं देवीचं कापड मिळत नव्हतं.

तेवढ्यात नंदा बाहेर आली. हातात तो वर्तमानपत्राचा गठ्ठा होता.

"मावशी, रागावू नकोस."

सुतळी सोडली. आत मोरपंखी साडी, पिवळ्या काठाची. फॉल नाही, पदराच्या दशा न कापलेल्या, दुकानाची घडी प्रवासात सरकून तिरकी झालेली, भलत्याच ठिकाणी चुण्या पडलेल्या.

"कुणाची ही?"

"तुझी. माझ्या पगारातून घेतली. उद्या द्यायची होती." ती साडीकडेच बघत बोलत होती. "फॉलला टाकली असती तर तुला कळलं असतं. इस्त्री केली असती तर तू विचारलं असतंस."

मी रंग बघितला. मोरपंखी मला आवडतो, हे मी तिला कधी सांगितल्याचं आठवत नाही. मग चुण्या बघितल्या आणि हात आपोआप त्या सरळ करायला गेला.

"नको," माई मागून म्हणाली. ती दारात येऊन उभी राहिली होती, किती वेळ ते ठाऊक नाही. पुढे येऊन तिनं कोपरा चिमटीत धरला. "कोरें," ती म्हणाली, आणि आत जाऊन इस्त्रीतले निखारे चुलीत ओतून आली.

हळर्ण

देवी पेडणे तालुक्यात, हळर्णाकडे. सकाळी नदीच्या बाजूनं रस्ता गेला. उजव्या हाताला जुन्या किल्ल्याचे पडके चिरे झाडीत दिसले. खाली शेतं, शेतांत मिरची आणि वाल. दाजी मिरची बघून पहिल्यांदा मोकळे बोलले. वाण कोणतं, पाणी किती, सगळं बाबलोकाकाला विचारून झालं. एक कोकणीत, एक गडहिंग्लजच्या बोलीत, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं.

देऊळ लहान, समोर दीपमाळ. नंदानं साडी तबकात ठेवून दिली. पुजारी ती आत घेऊन गेला, पडदा सरला. मी बाहेर उभी होते आणि माझ्या मनात फक्त चुण्याच होत्या. शंभर डोळे त्या बघणार. पडदा उघडला. देवी मोरपंखी नेसली होती, निऱ्या घट्ट आणि एकसारख्या, पण मांडीवरून एक घडीची रेघ तिरपी गेलेली स्पष्ट दिसत होती. मी आजूबाजूला बघितलं. बायका हात जोडून उभ्या होत्या. एकजण शेजारणीला म्हणाली, "रंग पळय गो कसो सोबता." रेघेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ती रेघ म्हणजे कापड कोरं असल्याची खूणच होती, हे मला तिथे उभं राहून समजलं. आमच्याकडे चुणी म्हणजे आळस. इथे आज चुणी म्हणजे, हे दुसऱ्या कोणाच्या अंगाला लागलेलं नाही.

साखरपुडा झाला. नंदाच्या ओटीत माझा डाळिंबी खण पडला, त्याचंही कौतुक झालं. पानावर खतखतं होतं, सगळ्या भाज्या नारळाच्या वाटणात शिजवलेल्या, आणि दाजींच्या पानावर कोणीतरी न मागता दोन हिरव्या मिरच्या ठेवल्या होत्या.

जेवणं झाल्यावर पुजाऱ्यानं देवीची साडी उतरवून तबकात आणली. नंदा पदर सावरून पुढे झाली, तशी पद्धतच होती. तिनं माईच्या कानात काहीतरी सांगितलं. माईनं मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुजाऱ्याला म्हणाली, "हें चेडवाचे आवयक दियात."

चेडू म्हणजे मुलगी, हे आदल्या दिवशीच शिकले होते. आवय मी वाक्यातून ओळखलं, आणि मागे वळून बघितलं. मागे दाजी होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. तबक माझ्यासमोर आलं. आई नव्हे, मावशी, हे इतक्या वर्षांच्या सवयीनं ओठांपर्यंत आलं. दाजींनी मान हलवली, अगदी हळू, जशी मी त्यांना तिखटासाठी हलवली होती.

मी पदर पसरला.

"विहीणबाय," बाबलोकाका म्हणाला, "हो शब्द तरी कळ्ळो न्हय?"

"बाबल्या, गप," आप्पा म्हणाले. "तो शब्द त्यांना आपल्या दोघांच्याही आधीपासून येतो."

परत

येताना बॅग भरायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. माईनं सोलं, काजूगर आणि उंडे दिले. सोलं रेशमाजवळ ठेवू नयेत, ती वेगळ्या डब्यात, डबा वेगळ्या पिशवीत. डागाची साडी नंदानं तिथेच ठेवली, बागेत जायला. लग्नानंतर लागेल म्हणाली. मोरपंखी साडी मलमलीत गुंडाळली, पण कागद घालून नवी घडी घातली नाही. पुजाऱ्यानं तबकात जशी ठेवली तशीच.

वाचणाऱ्यांपैकी कोणी डिचोलीकडे जाणार असेल तर एवढं सांगते: बॅगेला खोळ शिवा, फिकं नेसू नका, धुळीला ओला हात लावू नका, काजूच्या बागेत जुनी साडी नेसा. आणि 'कापड आणा' असं कोणी सांगितलं तर नेसायचं की ओटीचं, ते तिथल्या तिथे विचारा.

लग्न दिवाळीनंतर, लाटंबार्शालाच. मी मोरपंखीच नेसणार आहे. फॉल लावलेला नाही, इस्त्री करणार नाही, ती तिरपी रेघ तशीच राहील. आमच्या घरात सगळे विचारतात, तुझ्या नियमाचं काय झालं? काही झालेलं नाही. घडी मोडल्याशिवाय साडी प्रवासाला न्यायची नाही, हाच माझा नियम आहे, आणि हिची घडी हळर्णाला मोडून झालेली आहे.